ओहोटीतला मागचा आकडा

"पावणेसात! चढतंय!"

दिघीच्या जेट्टीवर कोणीतरी ओरडलं आणि मंतशाने दचकून आपल्या सलवारीकडे पाहिलं. दिवाळी उलटून गेली होती, पावसाने केव्हाच गाशा गुंडाळला होता, तरी त्या सकाळी एक चुकार सर खाडीवर ठाण मांडून बसली होती. जेट्टीच्या उतारावरचं पाणी खरंच तिच्या चपलांपर्यंत आलं होतं. ती आगरदांड्याच्या फेरीबोटीसाठी उभी होती. मुरुडच्या बँकेत काम होतं, आणि छत्री नेमकी घरी राहिली होती.

ओरडणारा दिसला तो अर्धा हवेत. जेट्टीच्या टोकाला एक जुना खांब होता, त्यावर पांढऱ्या रंगाने फुटांचे आकडे काढलेले. त्या खांबाला एका हाताने मिठी मारून तो वाकून पाण्याची रेघ वाचत होता आणि मिठी मारलेल्या हाताच्याच पालथ्या बाजूवर बॉलपेनने काहीतरी लिहीत होता.

"काय चढतंय?" तिने विचारलं.

"पाणी. तुला काय वाटलं, ताप?"

बोलला, आणि स्वतःच हसला. केसांतून पाणी गळत होतं, पापण्यांवर थेंब अडकले होते… मंतशाने नजर काढून घेतली ती त्याच्या हातावर नेऊन ठेवली. तिथे शाईचे ओघळ कोपरापर्यंत गेले होते.

"तुझे आकडे वाहून चाललेत."

"या अल्ला!" त्याने हात झटकला, तेवढ्याने उरलेलेही गेले. "आता चाचा माझी चामडी सोलणार."

चाचा म्हणजे ताजुद्दीन तांडेल. खाडीच्या आतल्या वाड्यांना माणसं आणि मासळीच्या टोपल्या नेणारी एक जुनी लाँच त्यांची होती, आणि हा कैस त्यांचा जेट्टीवरचा माणूस. आतल्या ओढ्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा होता. खांबावर पाच फुटांच्या वर पाणी असलं तरच लाँच तिथून सुटायची, नाहीतर रुतायची. म्हणून कैसने खांब वाचायचा, आकडा हातावर लिहायचा आणि चाचांना फोन करून ओरडायचं, आणि इंजिनाच्या धडधडीत चाचांनी भलतंच ऐकायचं, असा सगळा कारभार.

"त्यांच्या फोनवर नुसता आकडा दिसला तर? मोठा, हा एवढा?" मंतशाने दोन्ही हात पसरून दाखवले.

"कोण दाखवणार?"

"मी."

ती पनवेलला शिकलेली, आता घरी बसून नवी मुंबईतल्या एका कंपनीची वेबपानं बनवायची. त्यासाठी लागणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेवर तिचा हात बसलेला होता. हे सगळं ती त्याला तीन मिनिटांत सांगून मोकळी झाली, आणि तेवढ्यात फेरीबोट भोंगा वाजवून निघूनही गेली.

"गेली तुजी बोट," कैस म्हणाला.

"तुझ्यामुळे."

"पुढची तासाभरानं हाय. तवर… पाणी बघ." त्याने आपली गोणपाटाची खोळ तिच्या डोक्यावर धरली. खोळीला मासळीचा वास होता. मंतशाला तो वास आयुष्यात पहिल्यांदाच सुसह्य वाटला.

दोन दिवसांनी पान तयार झालं. जेट्टीच्या पायरीवर बसून तिने ओल्या सिमेंटवर बोटाने चौकोन काढले.

"दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस. प्रत्येक मिनिटाला एक खण. ज्या मिनिटाला तू खांब वाचशील, त्या खणात आकडा टाकायचा. बाकीचे रिकामे."

"एवढे खण रिकामेच?"

"रिकामे म्हणजे… नसतातच. जावास्क्रिप्टला त्याचं काही वाटत नाही. सातवा खण भर, एकदम पाचशेवा भर. मधे नुसती पोकळी."

"मग चाचानं मधल्याच येळेचं विचारलं तर?"

"तर त्या खणापाशी उभं राहायचं आणि एकेक पाऊल मागे यायचं. जो पहिला भरलेला खण लागेल, त्यातला आकडा चाचांना द्यायचा. जवळचा, पण मागचा."

"आणि पुढचा जास्त जवळ असला तर?"

"पुढचा अजून आलेलाच नसतो, वेड्या."

कैस चौकोनांकडे बघत राहिला. "उतरत्या पाण्याला पण असंच?"

"नियम एकच."

"बरं," तो म्हणाला, "ते मी बघतो."

काय बघणार, हे तिने विचारलं नाही. तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. ती बोटं तिच्या चौकोनांवरून एकेक पाऊल मागे येत होती, आणि जिथे तिचं बोट टेकलेलं होतं तिथे येऊन थांबली होती.

"आणि मागं काहीच न्हाय सापडलं तर?" त्याने हळूच विचारलं.

"तर उणे एक. म्हणजे… नाही."

"मला नको देऊस हां, ते उणे एक."

पहिल्याच आठवड्यात पान चुकलं. ऐन सुकतीला खांब कोरडा पडला होता, कैसने इमानाने शून्य टाकलं, आणि पान म्हणालं दोन फूट. मंतशाने कपाळाला हात लावला. शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून तिचा प्रोग्रॅम तो खण ओलांडून मागे जात होता. कोरडा खण आणि कोरा खण यांतला फरक तिने केलाच नव्हता. तिने तो दुरुस्त केला, आणि पुढचे चार दिवस कैस तिला "काय गं शून्यबाई" म्हणून हाक मारत होता. तिने खोटाखोटा राग धरला. खरा धरता आला असता तर किती बरं झालं असतं, पण ते दिवस तसले नव्हते.

आकड्याशेजारी शेरा लिहायला तिने एक जागा ठेवली होती. ती खरं म्हणजे वाऱ्यासाठी. कैस तिथे लिहायचा, "सव्वापाच. वारा न्हाय. हिरवा दुपट्टा हाय." मंतशा घरात कंपनीच्या कामाला बसलेली असायची आणि अधूनमधून पान उघडायची. पाण्याशी तिला काय घेणं! "साडेसहा. आज कोणी आलं न्हाय जेट्टीवर." मग ती अम्मीला सांगायची, जरा पाय मोकळे करून येते. अम्मी, म्हणजे महेरुन्निसा, भाकरी थापता थापता म्हणायची, "तुजे पाय रोज बरे आखडतात गं!" पण ताकास तूर लागू न देण्यात लेक तरबेज झाली होती.

एकदा तिने खांब स्वतः वाचायचा हट्ट धरला. ती वाकली, कैसने तिचं मनगट धरलं. घट्ट, पण दुखणार नाही इतपत. खाली पाणी हिरवंकाळं हलत होतं.

"किती?" त्याने विचारलं.

"दिसत नाही."

"अजून वाक."

"सोडशील."

"मी?" तो म्हणाला. ती वर आली तरी मनगट त्याच्या हातातच होतं. त्या खणात कोणी काही लिहिलं नाही.

जानेवारीत त्याच्या मामाने दोह्याहून व्हिसा पाठवला. टगबोटीवर काम, दोन वर्षांचा करार. जायच्या आदल्या दुपारी तो तिला जेट्टीवर भेटला, नवा शर्ट, नवी चप्पल, आणि चेहरा मात्र उतरलेला.

"रमजान ईदला सुट्टी काढतो," तो म्हणाला. "अम्मीला घेऊन तुज्या घरी येतो. रीतसर. तवर थांबशील ना… मंतशा?"

"थांबायला मला कुठे जायचंय?"

"तसं न्हाय. म्हण ना, थांबते."

"थांबते," ती म्हणाली. आणि खरोखरच थांबली.

खांब वाचायचं काम मग तिनेच घेतलं. चाचांना दुसरं कोण होतं? सकाळी एकदा, दुपारी एकदा, जमलं तर आणखी एकदा. कैसचे संदेश सुरुवातीला दिवसातून पाच-पाच यायचे. हितली रोटी जाड, हितला समुद्र खारट, मुकादम केरळचा हाय, तुजी आठवण येते. मग दिवसाला एक. मग दोन-तीन दिवस काहीच नाही, मग एक. रमजान ईद आली तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती. "बकरी ईदला नक्की येतो. थांब हं," असं एप्रिलच्या शेवटी आलं, त्यानंतर फोन गप्प.

संदेश नसेल त्या दिवशी ती फोनवर बोट वर वर सरकवायची. एक दिवस मागे, दोन दिवस मागे, सापडला की तिथे थांबायची. *थांब हं.* वाचून जीव जरा भांड्यात पडायचा. दहा दिवस झाले, बारा झाले, तरी तेच दोन शब्द ती रोज ताजे समजून वाचत होती.

दरम्यान श्रीवर्धनहून स्थळ आलं होतं. मुदस्सर नावाचा मुलगा, स्वतःचं औषधांचं दुकान. आई आणि बहिणीला घेऊन घरी येऊन गेला. दोघांना पाच मिनिटं बोलायला सोडलं तेव्हा तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला होता, "घाई न्हाय. पण काय असंल ते सांगा." भला माणूस होता. मंतशाने अम्मीला म्हटलं, थोडं थांबायला सांग. अम्मीने सांगितलं. महिना झाला. अम्मीने पुन्हा विचारलं, मंतशाने पुन्हा वेळ मारून नेली. बकरी ईद दोन आठवड्यांवर होती. तेवढी आली की झालं, कैस दारात उभा राहील, मग सगळ्यांना काय ते कळेलच, असा तिचा हिशेब.

"किती दिवस लोकांना टांगून ठेवायचं?" त्या सकाळी अम्मीने शेवटी आवाज चढवला. "आज जुम्मा. आज सांजेपर्यंत मला जबाब पायजे."

त्या कटकटीपायी मंतशा जेट्टीवर गेली ती नुसती अकरा वाजून दहा मिनिटांनी, एकदा. सात फूट. लिहिलं आणि घरी परतली. दुपारी पुन्हा जायचं होतं, ते राहून गेलं.

पावणेएकला चाचांनी आतल्या ओढ्यातून निघायच्या आधी फोन उघडला. पान मोठ्या अक्षरांत म्हणत होतं, सात. चाचांनी लाँच सोडली.

लाँच गाळात रुतली ती चार तास. मे महिन्याचं ऊन, अकरा माणसं, आठ टोपल्या मासळी. जीव कुणाचा गेला नाही, पण एक म्हातारी उन्हाने घेरी येऊन पडली, आणि मासळी सगळी फेकून द्यावी लागली. बातमी दिघीत पोचली तशी मंतशा धावत जेट्टीवर गेली. संध्याकाळच्या भरतीबरोबर लाँच आली. चाचा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, पायरीवर बसून धापा टाकत होते.

"चाचा, माझं चुकलं. मी दुपारी आलेच नाही."

"बस हितं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला आणखीच लाज वाटली. "येक सांग. तुजी मशीन मागचा आकडा दाखवते, व्हय ना?"

"हो."

"चढत्या पाण्याला चालतं. मागं पाच असंल तर आता सहा असणार, माजं काय बिघडत न्हाय. पन ओहोटीला, पोरी? मागं सात असंल, आता चार पन असंल. ओहोटीत मागच्या आकड्यावर भरोसा टाकला तो बुडला म्हण." त्यांनी पायाचा चिखल खरवडला. "तो पोरगा होता तवर कदी असं झालं न्हाय. का, ते अल्ला जाणे."

का, ते मंतशाने तिथेच पायरीवर बसून पाहिलं. जुने दिवस पानात तसेच पडून होते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. भरतीच्या वेळी कैसचे आकडे तासातासाने होते, सैल, आळसावलेले. आणि ओहोटी लागली की दर दहा मिनिटांनी. एकही दिवस चुकलेला नाही. सर्दी-तापाच्या दिवशीही नाही. तिने केलेलं भोक तो तीन महिने एकट्याने बुजवत होता, आणि तिला बोलला नव्हता. *ते मी बघतो.*

तिचे डोळे भरून आले, प्रेमाने आले. आणि पुढच्याच क्षणी तिने त्याच्या शेवटच्या संदेशाची तारीख पाहिली. पाणी उतरत असताना जास्त वेळा लिहायचं असतं, हे ज्याला तिच्या आधीपासून ठाऊक होतं, तोच आता सतरा दिवस काही लिहीत नव्हता.

तिने तिथूनच फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"मंतशा… मी करणारच होतो—"

"कैस, मला आजचं सांग. मागचं नको. आज तू येणार आहेस का?"

पलीकडे कुठेतरी साखळी ओढल्याचा आवाज येत होता.

"अम्मीनं मामाला जबान दिलीय," तो म्हणाला. "त्याच्या पोरीसाठी. व्हिसा त्यानंच काढला ना… अम्मीला न्हाय म्हणता आलं न्हाय."

"कधी दिली?"

"रमजानमधे."

"रमजानमधे! आणि त्यानंतर मला लिहिलंस, बकरी ईदला येतो, थांब?"

"तवा वाटत होतं, वळवीन अम्मीला. खरंच वाटत होतं गं. मग रोज थोडं थोडं कमी वाटायला लागलं. रोज फोन हातात घ्यायचो. कमी झालंय हे कसं लिहायचं?"

"तू? तुला येत नव्हतं कमी झालेलं लिहायला?" तिचा आवाज फाटला. "दर दहा मिनिटांनी लिहायचास तू!"

तो रडत होता की वारा होता, कळेना.

"शून्य झालं असेल तर शून्य म्हण, कैस. मला चालेल. कोरं ठेवू नकोस."

"शून्य न्हाय गं," तो म्हणाला. "शून्य असतं तर कवाच लिवलं असतं. पन मी येणार न्हाय, मंतशा. नको थांबू."

ती नुसतं "बरं" म्हणाली. खांबावर पाणी चढत होतं, आगरदांड्याची बोट लागत होती, माणसं नेहमीसारखी घाईने चढत-उतरत होती. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण मोडून पडू. ती उठली, चाचांना हात देऊन उठवलं आणि घरी आली.

आधी तिने पान उघडलं. ओहोटी असेल आणि मागचा आकडा दहा मिनिटांपेक्षा जुना असेल, तर पानाने तो दाखवायचा नाही. तिथे मोठ्या अक्षरांत लिहायचं, *ठाऊक नाही, खांब बघा.* चार ओळींचं काम. इतके महिने तिला सुचलं नव्हतं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. अम्मी तवा तापत ठेवून तिच्याकडे पाठ करून उभी होती.

"अम्मी, मुदस्सरचा नंबर दे."

अम्मी वळली. तिच्या चेहऱ्यावर जी आशा उजळली ती बघवेना. "तू सोता फोन करणार? मी करते की त्याच्या आईला."

"नको. मला करू दे."

तिकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. मागे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"मी मंतशा. दिघीची."

"व्हय, व्हय. नंबर हाय माझ्याकडं." तो गडबडला. "बोला ना."

"तुम्हाला मी महिनाभर अडकवून ठेवलं. तुम्ही म्हणाला होतात, काय असेल ते सांगा, आणि मी काहीच सांगितलं नाही. माझं मन दुसरीकडे होतं. आता तिकडेही नाही. पण म्हणून तुम्हाला हो म्हणणं बरोबर नाही. माझ्याकडे सध्या द्यायला काही नाही. तुम्ही थांबू नका."

पलीकडे शटर अर्ध्यावरच थांबलं असावं.

"बरं केलंत," मुदस्सर म्हणाला. मग, हसायचा प्रयत्न करत, "रोज दुकान बंद करताना फोन बघायचो. तुमच्या अम्मीनं 'थोडं थांबा' म्हटलं होतं ना… म्हटलं, म्हणजे न्हाय असं तर न्हाय म्हटलेलं."

मंतशाने भिंतीला हात टेकला.

"ऐकताय ना?" तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. कळलं ते बरं झालं. अल्ला हाफिज."

फोन ठेवला आणि ती तिथेच, तव्याशेजारी, खाली बसली. कैसशी बोलताना जे आलं नव्हतं ते रडू आता आलं, आवाज करून, लहान पोरीसारखं. अम्मीने गॅस बंद केला. भाकरीच्या पिठाचा हात तसाच लेकीच्या डोक्यावर ठेवला. कुणासाठी रडतेस, हे मात्र तिने विचारलं नाही.